दामाजी, कोठारं उघडली तेव्हा

क्लिंगॉन भाषेत ‘नमस्कार’ नाही. दोन क्लिंगॉन समोरासमोर आले की एकजण दुसऱ्यावर खेकसतो, ‘नुकनेख!’ शब्दशः अर्थ, ‘काय पाहिजे तुला?’ हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आवरेना. आमच्या सोलापुरात दोन जिवलग मित्र वर्षभरानं भेटले तरी तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘काय बे?’ पुण्यामुंबईची माणसं हा ‘बे’ ऐकून दचकतात, त्यांना ती भांडणाची सुरुवात वाटते. भांडणाची सुरुवात आमच्याकडं ‘अहो’नं होते.

क्लिंगॉन ही ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अवकाशमालिकेतल्या परग्रहवासीयांची भाषा. १९७९ च्या पहिल्या चित्रपटासाठी तिचे चारदोन शब्द जेम्स डूहान या नटानं, म्हणजे मालिकेतल्या स्कॉटीनं, जुळवून दिले होते. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी मात्र मार्क ओक्रंड नावाच्या भाषाशास्त्रज्ञाला बोलावलं आणि त्याच्याकडून रीतसर भाषा करवून घेतली. पुढच्याच वर्षी तिचा कोशही निघाला. या ओक्रंडची पीएच.डी. कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर. ती अस्खलित बोलणारं माणूस तेव्हा उरलेलं नव्हतं, जुन्या टिपणवह्या चाळून त्यानं ते व्याकरण उभं केलं. जिची माणसं गेली त्या भाषेवर प्रबंध लिहायचा आणि जी माणसं कधी नव्हतीच त्यांना भाषा करून द्यायची, एवढा लांबचा प्रवास एकाच माणसानं केला. मला त्याचा हेवा वाटतो.

इंग्रजी कानाला परकं वाटावं म्हणून त्यानं क्लिंगॉनमध्ये आपला ‘ड’ घातला, जीभ उलटी वळवून म्हणायचा तो. ‘ष’ही घातला. आपण मराठीवाले ‘षटकोन’ लिहितो आणि ‘शटकोन’ म्हणतो. पोटफोड्या ‘ष’ आता आमच्या लेखणीत उरलाय आणि क्लिंगॉनांच्या तोंडात. ‘ळ’ मात्र त्या बिचाऱ्यांना नाही. वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. ‘पाणी भरते अम्मा.’ मराठीत ही ओवीची ओळ झाली असती, तिकडं ते साधं विधान आहे.

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण असं की मी गेली अकरा वर्षं दर दिवाळीला एका अंकात ‘स्टार ट्रेक’वर एक लेख लिहिते. टोपणनावानं. एरवी इथल्याच एका महाविद्यालयात मी मराठी आणि भाषाविज्ञान शिकवते. माझा प्रबंध सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत बोलल्या जाणाऱ्या मराठीवर. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही, मी त्याच घरांपैकी एका घरात वाढले. वडील, म्हणजे आमचे नायना, यंत्रमागावर चादरी विणायचे आणि अम्मा घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, नायनांच्या शेडमध्ये या दोन्हींत कालवलेली दखनी, आणि अक्कलकोट भागातून येणाऱ्या दूधवाल्याशी अम्माचं मोडकंतोडकं कन्नड. आपण चार भाषा बोलतो असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही. आपण बोलतो, एवढंच वाटायचं.

पाचवी भाषा टीव्हीतून आली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शन रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका दाखवायचं. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात तिचे ७९ भाग होऊन ती बंदही पडली होती, पण आम्हाला ते कुठं माहीत? आम्हाला ती ताजीच. शेजारच्या घरात कृष्णधवल टीव्ही होता आणि त्या घरातला दहावीतला मुलगा आम्हा सात-आठ पोरांना इंग्रजीचं तेलुगू करून सांगायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तो चेहरे बघून गोष्ट रचायचा. त्याच्या गोष्टीत कॅप्टन कर्क आणि डॉक्टर मॅकॉय सख्खे मावसभाऊ होते आणि स्पॉकचे कान कुणाच्या तरी शापानं लांब झालेले होते.

एकदा नायनांना सुट्टी होती म्हणून तेही दारात उभं राहून बघत होते. ‘वॉर्प’ हा शब्द दोनदा आला. नायना म्हणाले, ‘ह्यांच्याकडं पण वार्पिंग हाय?’ सोलापुरात वार्पिंग म्हणजे मागावर चढवायला ताण्याचा बीम भरणं, अख्ख्या पूर्वभागाला पाठ असलेला शब्द. तिकडं अवकाश वाकवून प्रकाशापेक्षा वेगानं जायचं ते वॉर्प. इंग्रजीत ताणा आणि वाकणं या दोन्हींना हा एकच शब्द आहे हे मी एम.ए.ला कोशात बघितलं. नायनांनी ते रविवारी सकाळी, दारात उभं राहून, अर्ध्या मिनिटात जोडलं होतं.

घरी आले की मी तीच गोष्ट अम्माला सांगायची. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असायची. हजार पुऱ्या केल्याशिवाय उठायची नाही, आणि हात चालू असताना कान मोकळे असायचे. मी शेजारच्या मुलाचं रचलेलं तेलुगू माझ्या पदरचं मीठमसाला लावून पुन्हा सांगायची. अम्माचे प्रश्न फार नेमके असत. ते जहाज कुणाच्या मालकीचं? या माणसांना पगार किती? स्वयंपाक कोण करतं? आणि एकदा, ‘त्या लांब कानवाल्याचं लग्न झालंय का?’ मी ठोकून दिलं, झालंय. पुढं वीसेक वर्षांनी सीडीवर सगळी मालिका नीट बघितली. दुसऱ्या पर्वाचा पहिलाच भाग, ‘अमोक टाइम’, १५ सप्टेंबर १९६७ चा. लहानपणी ठरवून ठेवलेलं स्पॉकचं लग्न त्यात त्या मुलीनंच मोडलेलं आहे. धावत येऊन मी अम्माला सांगितलं. तिनं विचारलं, ‘कुठला लांब कानवाला?’

माझ्या टोपणनावाच्या लेखांचा उगम हा असा आहे. मी समीक्षा वगैरे लिहीत नाही. मी अजून त्या सुपासमोरच बसलेय.

अकरा लेखांत मी घुटमळले ती एकाच वस्तूभोवती. युनिव्हर्सल ट्रान्सलेटर. याला मराठी प्रतिशब्द करायच्या भानगडीत मी पडत नाही, दुभाषी यंत्र म्हणू. मालिकेला त्याची गरज पडली ती तत्त्वज्ञानापायी नव्हे. दर आठवड्याला नवा ग्रह, नवी माणसं. त्यांची भाषा शिकण्यातच भाग संपला तर गोष्ट कधी सांगणार? म्हणून सगळे जण अमेरिकन इंग्रजी बोलतात आणि ते यंत्राच्या नावावर खपवलं जातं. सोय आहे, लबाडी म्हणा हवं तर. आपल्या पौराणिक चित्रपटांत राक्षस शुद्ध हिंदी बोलतात त्यातलाच प्रकार.

माझ्या दुसऱ्या लेखात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की मूळ मालिकेत हे यंत्र कसं चालतं याचं स्पष्टीकरण कुठंच नाही. महिन्याभरात संपादकांच्या पत्त्यावर एक आंतरदेशीय पत्र आलं. रेल्वेतून निवृत्त झालेले सोलापूरचेच एक वाचक. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला. त्यांनी लिहिलं होतं की बाईंनी १९६७ चा ‘मेटामॉर्फोसिस’ हा भाग बघितलेला दिसत नाही. त्यात कर्क हातात एक नळकांडं घेऊन एका ढगाशी, हो, ढगाशीच, बोलतो आणि सोबतच्या माणसाला सांगतो की सगळ्या बुद्धिमान जीवांत काही कल्पना समान असतात, यंत्र मेंदूच्या लहरी ताडून त्या ओळखतं आणि लागणारं व्याकरणही तेच पुरवतं. पत्राच्या शेवटी ओळ होती, ‘चूक दुरुस्त करून घ्यावी, लेख बाकी बरा आहे.’

मी तो भाग पुन्हा काढला. ते म्हणत होते तसंच होतं, अक्षरन् अक्षर. माझ्या प्रबंधाचे आणि शोधनिबंधांचे परीक्षक आजवर झाले, त्यांनी मला समासाची रुंदी, संदर्भसूचीतले स्वल्पविराम आणि फॉन्टचा आकार याबद्दल सूचना केल्या. माझं विधान खोटं आहे असं मला लेखी कळवणारे पहिले माणूस रेल्वेचे.

आणि गंमत म्हणजे चूक सापडली त्यामुळंच मला पुढचा धागा सापडला. कर्कच्या बोलण्याचं मर्म ‘समान कल्पना’ या दोन शब्दांत आहे. सगळ्यांच्या डोक्यात मूळचं सामान एकच, भाषा ही वरची खोळ. खोळ काढली की झालं. हा १९६७ चा विश्वास. जवळजवळ चोवीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९१ ला, याच घराण्यातल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेनं ‘डारमॉक’ नावाच्या भागात तो परत घेतला.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टामेरियन नावाचे लोक आहेत. त्यांच्याशी आजवर कुणाचंच बोलणं जमलेलं नाही. यंत्र चालू आहे, शब्द स्वच्छ कळतायत, आणि तरी काही कळत नाही. त्यांचा कप्तान डेथन म्हणतो, ‘डारमॉक आणि जलाड, टनाग्रा इथं.’ म्हणतो, ‘शाका, भिंती कोसळल्या तेव्हा.’ कप्तान पिकार्ड मठ्ठासारखा बघत राहतो. डेथन त्याला उचलून एका ओसाड ग्रहावर नेतो आणि त्याच्यापुढं खंजीर धरतो. पिकार्डला वाटतं हा द्वंद्वाचं आव्हान देतोय. पुढं एक श्वापद दोघांवर चालून येतं आणि हळूहळू उलगडतं की ही माणसं गोष्टींतून बोलतात. शाकाच्या भिंती कोसळल्या म्हणजे अपयश. ‘टेंबा, हात पसरलेले’ म्हणजे देणं, घे म्हणणं. डारमॉक आणि जलाड हे दोन परके टनाग्रा नावाच्या बेटावर एकाच संकटात सापडले आणि मित्र होऊन परतले. डेथनला तेवढंच हवं होतं. त्यात तो जिवानिशी गेला. जखमी डेथन रात्री शेकोटीशी पडलेला असताना पिकार्ड त्याला आपल्या पृथ्वीची एक गोष्ट सांगतो, गिलगमेश आणि एन्किडूची. डेथनला ती किती कळली कोण जाणे, पण तो ज्या तोंडानं ती ऐकतो ते तोंड मी ओळखते. शेजारच्या टीव्हीसमोर आम्ही सात-आठ पोरं त्याच तोंडानं बसायचो.

इंग्रजीत या भागावर भरपूर लिहिलं गेलंय. वाचताना मला सारखं वाटायचं की यांना हे इतकं परग्रहावरचं का वाटतं? आपण मराठीत दुसरं काय करतो? परीक्षेत पोराचं ‘पानिपत’ होतं. कागदात कुणी ‘ध’चा ‘मा’ करतं. कुणी कुणाला ‘कात्रजचा घाट’ दाखवतं. प्रत्यक्ष पानिपताची बातमी पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून, असं सांगतात. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा अर्थाचं पत्र. मोती कोण ते पेशव्याला कुणी सांगावं लागलं नाही. कर्कचं नळकांडं तिथं धरलं असतं तर त्यानं सराफाचं नुकसान झाल्याचं कळवलं असतं.

दोन वर्षांपूर्वी मी ‘डारमॉक’ वर्गात दाखवला. बी.ए.चं तिसरं वर्ष, अर्थविचार हा घटक. मुलं मोहोळची, बार्शीची, अक्कलकोटची, मंगळवेढ्याची. निम्मी एस.टी.नं येणारी, त्यामुळं तास साडेअकराच्या आत संपवावा लागतो. भाग संपला. शांतता. मला वाटलं, फसलं. शाका, भिंती वगैरे. मग मागच्या बाकावरचा मंगळवेढ्याकडचा एक मुलगा, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, म्हणाला, ‘मॅडम, ते टेंबाचं हात पसरलेलं. म्हणजे आपलं ‘दामाजी, कोठारं उघडली तेव्हा’ असं झालं की.’

मी खडू खाली ठेवला. दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्यकोठारं लोकांसाठी उघडणारे मंगळवेढ्याचे दामाजीपंत, आणि त्यांची भरपाई करायला विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारी गेलेला पांडुरंग. त्या पोराच्या गावातला चौथीतला मुलगाही ही गोष्ट सांगेल. ‘देणं’ या शब्दाला त्याच्याकडं चेहरा होता, गाव होतं, ज्वारीचा वास होता.

मग वर्ग जो सुटला तो सुटला. एकीनं सांगितलं, ‘हुतात्मा, गार्डनं शिट्टी मारली तेव्हा’. म्हणजे थोडक्यात हुकलेली संधी, कारण पहाटेची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस प्रत्येकाच्या घरात कुणीतरी एकदा चुकवलेली असते. दुसरा म्हणाला, ‘उजनी, शंभर टक्के भरली तेव्हा’. याचा अर्थ विचारावा लागला नाही. सगळा वर्ग टेबलं बडवून हसला. धरण तुडुंब आणि शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. म्हणजे सगळं आहे, पण तुझ्यापर्यंत येणार नाही. नोकरीच्या जाहिरातीपासून विद्यापीठाच्या निकालापर्यंत कशालाही लागू पडणारी म्हण त्या दिवशी माझ्यासमोर जन्मली, आणि आठवडाभरात ती कॅन्टीनमध्ये मला परत ऐकू आली.

या भागावर जाणकार एक आक्षेप घेतात, तो हलक्यानं घेण्यासारखा नाही. नुसत्या गोष्टींच्या इशाऱ्यांवर चालणारी भाषा असलेले लोक अवकाशयान कसं चालवतील? ‘तिसरा बोल्ट अर्धा फेरा सैल कर’ हे ते कसं म्हणणार? आणि मुलांना मूळ गोष्ट सांगायची ती कुठल्या भाषेत? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. पहिल्याला आहे, ते नायनांच्या शेडमध्ये मिळतं.

यंत्रमागाच्या शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. वीस-पंचवीस माग एकदम चालू असतात, धोटा इकडून तिकडं फटफट आपटत असतो. मी डबा घेऊन जायची तेव्हा दारात पाऊल टाकलं की आवाज कानात न शिरता छातीत शिरायचा. तिथं सगळा कारभार हातांनी. दोन बोटं तोडल्यासारखी केली की ताणा तुटला. अंगठा मुठीवर फिरवला की कांड्या संपल्या. हे सरळ इशारे, बघून कुणालाही कळावेत असे. पण एक इशारा वेगळा होता. कमरेशी चिमूट धरून खाली दोन झटके द्यायचे. हा इशारा दिसला की माणूस जिथं असेल तिथून एक पाऊल मागं सरकायचा, आधी मागं आणि मग बघायचं काय झालं ते. मी नायनांना विचारलं, हे काय? तर फार पूर्वी, मागांना वरच्या शाफ्टवरून पट्टे असायचे त्या काळात, एका कामगाराचं धोतर पट्ट्यात अडकलं. माणूस वाचला, धोतर गेलं, आणि नेमका त्याच वेळी मालक पाहुण्यांना शेड दाखवायला घेऊन आला होता. नायनांनी तो कामगार बघितलेला नव्हता. त्यांना शिकवणाऱ्यानंही बघितला नसावा. पट्टे गेले, धोतरं गेली, माणसं पँट घालून यायला लागली, पण शेडमधला नवा पोरगासुद्धा कमरेशी चिमूट धरून झटके द्यायचा आणि समोरचा जीव वाचवायला मागं सरायचा.

बोल्ट अर्धा फेरा सैल करायला त्यांच्याकडंही बोटं होती. जिवावर बेतायची वेळ आली की त्यांना गोष्ट लागायची. ‘डारमॉक’च्या शेवटी टामेरियन लोक आपल्या बोलीत एक नवं वाक्य घालून घेतात, ‘पिकार्ड आणि डेथन, एल-अड्रेल इथं.’ ते वाक्य ऐकताना दर वेळी माझा हात कमरेकडं जातो.

आता थोडं माझ्या लाजेबद्दल.

काही वर्षांपूर्वी माझी बढतीची मुलाखत होती. फाइल वीतभर जाड. आमच्या व्यवसायात कामाचे गुण असतात, शोधनिबंधाला इतके, चर्चासत्राला इतके, आणि तो निबंध मान्य यादीतल्या नियतकालिकात आला असेल तरच. मान्य याद्याही बदलत राहतात, परवापर्यंत होती ती यादी २०२५ मध्ये गुंडाळलीसुद्धा. माझा एक निबंध ज्या नियतकालिकात आला ते छापून होईपर्यंत यादीतून गेलेलं होतं, छपाईचे पैसे मात्र माझ्याकडून घेतलेले. त्या निबंधाला शून्य गुण. वाचक किती? लेखक धरून तीन असतील, त्यांतला एक मुद्रितशोधक. त्याच महिन्यात दिवाळी अंकातल्या लेखावर रेल्वेवाल्या काकांचं सहावं पत्र आलं होतं. त्याला गुणांचा रकाना नाही.

मुलाखत बरी चालली होती. मग समितीतल्या एका सदस्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, ‘मॅडम, ते दिवाळी अंकात कार्टूनवर लिहिणारं कुणी आहे, ते म्हणजे तुम्हीच, असं मुलं सांगतात. खरं का?’ बाकीचे हसले. वाईट हसले असंही नाही, चहा यायची वेळ झाली होती.

मी म्हणाले, ‘नाही सर.’

‘स्टार ट्रेक’ची कार्टून मालिकाही १९७३-७४ मध्ये होऊन गेलेली आहे आणि तिच्यावर मी एक ओळही लिहिलेली नाही. तेव्हा शब्दाला धरून मी खरं बोलले. हा हिशेब मी जिन्यावरून खाली उतरेपर्यंत करून टाकला होता, यावरून माझी मनःस्थिती समजावी. बढती मिळाली. पेढे वाटले. घरी आले आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा कपाटाच्या वरच्या खणातून काढून खालच्या खणात ठेवला. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

टोपणनाव घेणाऱ्या प्राध्यापकांची आपल्याकडं परंपरा आहे म्हणून मी मनाची समजूत घालायची. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पण ही तुलना माझ्या कामाची नाही हे मला तेव्हाही कळत होतं. नारळीकरांनी नाव लपवलं ते नावाच्या वजनानं निकाल फिरू नये म्हणून. मी लपवलं ते निकालच लागू नये म्हणून.

या वर्षी संपादकांना कळवलं, लेख माझ्या नावानं छापा. त्यामागं धैर्य वगैरे काही नाही. मंगळवेढ्याचा तो मुलगा आता एम.ए.ला आहे आणि त्यानं लघुप्रबंधाला विषय घेतलाय, सोलापूर जिल्ह्याच्या बोलीतले गोष्टीचे इशारे. त्याला संदर्भ द्यायचा होता. त्यानं विचारलं, ‘मॅडम, दामाजीचं वाक्य तुमच्या लेखात आलंय. लेखकाचं खरं नाव काय लिहू?’

नाव छापून येणार हे अम्माला सांगायला गेल्या आठवड्यात भावाकडं गेले. अम्मा अंगणात शेंगा फोडत बसली होती, चटणीच्या. विड्या सुटून बरीच वर्षं झाली, हाताला काही तरी लागतंच. भावाची मुलगी पुण्याहून आलेली. तिला तेलुगू अजिबात येत नाही आणि अम्माचं मराठी आता वयाबरोबर मागं सरत चाललंय, ती बोलता बोलता तेलुगूत शिरते. पोरीनं त्यावर उपाय काढलाय. फोनवर भाषांतराचं ॲप लावून तो ती आज्जीच्या तोंडासमोर धरते. आज्जी तेलुगूत बोलते, फोन मराठीत बोलतो. कर्कच्या नळकांड्याहून लहान आणि बऱ्याच अंशी बरोबर.

मी म्हणाले, ‘अम्मा, या दिवाळीला माझ्या नावानं लेख येतोय. लांब कानवाल्यांच्या मालिकेवरचा. ॲडव्हान्समध्ये सांगून ठेवते.’

अम्मानं मान वर केली नाही. शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले आणि म्हणाली, ‘नल्ला वच्चिंदि.’

फोन म्हणाला, ‘नळ आला आहे.’

पोरगी ताडकन उठली. सोलापूरच्या घरात हे वाक्य ऐकून बसून राहायचं नसतं एवढं तिला पुण्यात वाढूनही ठाऊक आहे. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडल्याचा, मग बंद केल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाली, ‘आत्या, पाणी नाहीये. आणि आज पाण्याचा वारही नाहीये.’

अम्मा आणि मी एकमेकींकडं बघून हसायला लागलो. २००६ साली माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली, मी बाहेर येऊन पहिला फोन घरी लावला, ‘अम्मा, मी डॉक्टर झाले.’ पलीकडून तेवढंच वाक्य आलं होतं, हेच, आणि फोन आपटल्याचा आवाज. चार दिवसांनी पाणी आलेलं, घागरी रांगेत. तेव्हापासून आमच्या घरात फार मोठी बातमी आली की हेच म्हणतात. भावाचं लग्न ठरलं तेव्हा म्हटलं. ही पोरगी जन्मली तेव्हा नायना दवाखान्याच्या दारात उभं राहून हेच म्हणाले होते.

‘अगं, पण मग नळ म्हणजे काय?’ पोरीनं विचारलं.

अम्मानं शेंगांची ताटली बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि तेलुगूत, अगदी पहिल्यापासून, त्या दिवशी कोण कोण घरी होतं आणि किती घागरी भरायच्या राहिल्या होत्या तिथपासून, सांगायला सुरुवात केली. फोन मध्येमध्ये घागरी, दूरध्वनी, वैद्य असं काहीबाही बोलत होता. मी तो पालथा ठेवला आणि पुढचं वाक्य मराठीत सांगितलं.